आलेख असिम्प्टोटला छेदतो का? (भाच्याचे दोन मार्क आणि माझी झोप)

सातपूरकर_मामा (धागाकर्ता) – रविवार, रात्री ११:२०

मंडळी, गणिताचा धागा आहे, आधीच सांगतो. पळायचं त्यांनी आत्ताच पळा.

भाचा अकरावीला आहे. गाव कळवणकडचं, क्लाससाठी आमच्याकडे राहतो. जेईईचा क्लास लावलाय (नाव विचारू नका, फी भरून झालीये). आजच्या टेस्टला प्रश्न होता: इंटरसेप्ट (आलेख अक्षांना कापतो ते बिंदू) आणि असिम्प्टोट (आलेख जिच्या जवळ जवळ जात राहतो ती रेषा) काढून आलेख काढा.

य = (क्ष² − क्ष − ६) / (क्ष² − १)

फोनवर मराठी कळफलक आहे म्हणून क्ष आणि य लिहितोय. आमच्या शाळेत असंच होतं, त्यामुळे मला तर बरंच वाटतंय.

पोराने काढलेलं असं: क्ष-अक्षाला ३ आणि −२ ला छेद, य-अक्षाला ६ ला. उभ्या असिम्प्टोट दोन, क्ष = १ आणि क्ष = −१. आडवी एक, य = १. इथपर्यंत सरांच्या बरोबरच्या खुणा. मग आलेखात डावीकडची फांदी त्याने य = १ च्या तुटक रेषेला −५ पाशी कापून वर नेली. तिथे लाल गोल, बाजूला "असिम्प्टोटला आलेख कधीच छेदत नाही" असा शेरा, आणि दोन मार्क गेले.

घरी आल्यावर मोबाईलवर जिओजेब्रात (आलेख काढायचं अ‍ॅप) टाकून बघितलं. कापल्यासारखं दिसतंय, पण दोन्ही रेषा इतक्या चिकटलेल्या की छातीठोक सांगता येईना. मी डिप्लोमा मेकॅनिकल, तेही पंचवीस वर्षांपूर्वीचा. मलाही हेच शिकवलेलं आठवतं की जवळ जवळ जायचं पण शिवायचं नाही. पोरगा म्हणतो, "मामा, बघत काय बसलास, −५ घाल ना." घातलं. वर २५ + ५ − ६ = २४. खाली २५ − १ = २४. उत्तर १.

आता सर बरोबर की पोरगा? सकाळी सातला त्याला क्लासला सोडायचंय, त्याआधी सांगा.

---

गोदाकाठचा_निवांत – रात्री ११:३१

रुमाल टाकून ठेवतो.

---

पंचवटीची_ताई – रात्री ११:४८

पोरगा बरोबर. शंभर टक्के.

एकतीस वर्षं गणित शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. उभी असिम्प्टोट आणि आडवी असिम्प्टोट यांना नाव एक असलं तरी स्वभाव वेगळे. क्ष = १ ला या फलाचा (फंक्शनचा) छेद, म्हणजे खालचा भाग, शून्य होतो, म्हणजे तिथे फलाला किंमतच नाही. जिथे बिंदूच नाही तिथे आलेख रेषेला कापणार कसा? म्हणून उभीला आलेख छेदू शकत नाही.

आडवीचं तसं नाही. य = १ ही आडवी असिम्प्टोट आहे, याचा अर्थ एवढाच की क्ष खूप मोठा झाला, किंवा खूप मोठा ऋण झाला, की य ची किंमत १ च्या हवी तितकी जवळ जाते. हे आलेखाच्या म्हातारपणाचं वर्णन आहे. तरुणपणी तो काय उद्योग करतो याच्याशी तिला देणंघेणं नाही.

छेदतो का, आणि कुठे, हे बघायला जिओजेब्रा नको. सरळ भागाकार करा. क्ष² − क्ष − ६ ला क्ष² − १ ने भागलं की भाग १ लागतो आणि बाकी उरते −क्ष − ५. म्हणजे

य = १ − (क्ष + ५) / (क्ष² − १)

आता दिसलं? भागाकार म्हणजे असिम्प्टोट. बाकी शून्य होते क्ष = −५ ला, आणि त्या वेळी मागे फक्त १ उरतो. पोराने नेमकं तिथेच कापलंय. त्याने हे कसं काढलं ते त्याला विचारा, मला उत्सुकता आहे.

---

सातपूरकर_मामा – रात्री ११:५५

ताई, त्याने फल बरोबर १ असं समीकरण मांडलं. क्ष² − क्ष − ६ = क्ष² − १, दोन्हीकडचा वर्ग गेला, −क्ष = ५. कच्च्या कामाच्या पानावर आहे. ते पान सरांनी बघितलं नसावं.

---

दुतोंड्या – सोमवार, सकाळी ६:४०

ताईंबद्दल आदर आहे, पण मग असिम्प्टोट या शब्दाला अर्थ काय राहिला? मराठीत अनंतस्पर्शी म्हणतात. अनंताला स्पर्श, म्हणजे अलीकडे स्पर्श नाही! १/क्ष घ्या. दोन्ही अक्षांच्या जवळ जात राहतो, एकालाही शिवत नाही. पुस्तकात तेच चित्र असतं.

---

पंचवटीची_ताई – सकाळी ७:०५

दुतोंड्या, तुझ्या शंकेत दम आहे, कारण घोळ तिथेच सुरू झालाय. हा शब्द ग्रीक आहे आणि त्याचा मूळ अर्थ "एकत्र न येणारी". पर्गाच्या अपोलोनियसने इ. स. पू. २०० च्या आसपास शंकुच्छेदांवर (शंकू कापून मिळणाऱ्या वक्रांवर) ग्रंथ लिहिला, त्यात अपास्ताच्या (हायपरबोलाच्या) संदर्भात तो वापरला. अपास्त आपल्या असिम्प्टोटना खरोखरच कधी मिळत नाही. तुझं १/क्ष हेही अपास्तच. त्याच्या बाबतीत सरांचा शेरा बरोबर ठरतो.

पुढे हाच शब्द सगळ्या वक्रांना लावला गेला आणि व्याख्या सीमेवर (लिमिटवर) आली: अंतर शून्याकडे गेलं पाहिजे, बस्स. नाव जुनंच राहिलं, चित्रही १/क्ष चंच राहिलं, आणि "कधीच छेदत नाही" हे वाक्य त्या चित्रातून मुलांच्या डोक्यात जाऊन बसलं. मी स्वतः पहिली काही वर्षं तसंच शिकवलंय. एका मुलीने फळ्यापाशी येऊन खोडून दाखवलं, तेव्हा सोडलं.

---

अंबड_बी_शिफ्ट – सकाळी ९:१२

मी तर सोप्पं लक्षात ठेवलंय. छेद शून्य केला की उभ्या असिम्प्टोट, अंश शून्य केला की क्ष-अक्षावरचे इंटरसेप्ट, क्ष शून्य ठेवला की य-अक्षाचा. तीन ओळींत काम तमाम. आडवीसाठी फक्त घात बघायचे. खालचा घात मोठा असेल तर य = ०, सारखे असतील तर वरच्या-खालच्या सगळ्यांत मोठ्या घातांच्या सहगुणकांचा भागाकार, वरचा मोठा असेल तर आडवी नाही.

---

पंचवटीची_ताई – सकाळी ९:४०

बी शिफ्टवाले भाऊ, आडवीचं चोख आहे. वरच्या तीन ओळींत मात्र खड्डा आहे. हे फल घ्या:

य = (क्ष² − क्ष − ६) / (क्ष² − ४)

तुमच्या नियमाने सांगा बरं.

---

अंबड_बी_शिफ्ट – सकाळी ९:५८

उभ्या असिम्प्टोट क्ष = २ आणि क्ष = −२. क्ष-अक्षाला ३ आणि −२. ... थांबा. −२ दोन्हीकडे आला. एकाच ठिकाणी भिंत पण आणि दार पण?

---

पंचवटीची_ताई – सकाळी १०:१०

भिंतही नाही आणि दारही नाही, तिथे भोक आहे. म्हणून पहिलं काम अवयव पाडण्याचं, बाकी सगळं नंतर.

वर (क्ष − ३)(क्ष + २). खाली (क्ष − २)(क्ष + २). (क्ष + २) दोन्हीकडून गेला, उरलं (क्ष − ३)/(क्ष − २). पण मूळ फलात −२ ठेवायला बंदीच आहे, ती बंदी अवयव काटल्याने उठत नाही. उरलेल्यात −२ घालून बघा: −५ भागिले −४, म्हणजे ५/४. आलेखावर (−२, ५/४) ला पोकळ टिंब काढायचं आणि पुढे जायचं. उभी असिम्प्टोट एकच, क्ष = २. क्ष-अक्षाला छेद एकच, ३. य-अक्षाला ३/२, तो दोन्ही रूपांतून सारखाच येतो.

मोबाईलवर हे भोक दिसत नाही, रेघ सलग दिसते. एका बिंदूची जागा स्क्रीनच्या ठिपक्यापेक्षाही लहान, ती दिसणार कशी!

आणि एक सावधगिरी. खाली (क्ष + २) चा वर्ग असता आणि वर एकच (क्ष + २), तर एक काटून खाली एक उरला असता. मग भोक नाही, पुन्हा भिंतच.

---

गोदाकाठचा_निवांत – सकाळी १०:३३

मिसळ खाऊन आलो. वाचतोय. छेद शून्य तिथे भिंत, बाकी शून्य तिथे छेद. मराठीत छेद म्हणजे खालचा आकडा पण आणि कापणं पण, त्यामुळे माझ्या डोक्याला आता दोन असिम्प्टोट फुटल्यात. (हलकेच घ्या.)

---

क्ष_किरण – सकाळी ११:१५

मामा, तुम्हाला मोबाईलवर का दिसलं नाही ते सांगतो. डावीकडून, म्हणजे फार मोठ्या ऋण क्ष पासून निघालात तर आलेख य = १ च्या किंचित वरून येतो, चढत चढत −९.९ पाशी आपल्या टोकाला पोचतो, आणि ते टोक केवढं? १.०५. मग उतरतो, −५ ला रेषा कापतो, −२ ला क्ष-अक्ष कापतो आणि −१ च्या भिंतीशी खाली कोसळतो. म्हणजे सगळा खेळ ०.०५ चा. −१० ते १० चं पान उघडलं की दोन्ही रेषा एकच वाटणार. य-अक्ष ०.९ ते १.१ इतका ताणा आणि क्ष-अक्ष −४० ते ० ठेवा, मग बघा.

अवांतर: मधल्या दोन भिंतींमधली वाटी ६ वर टेकते असं बहुतेक पोरं काढतात, कारण ६ हा इंटरसेप्ट हातात असतो. खरा तळ क्ष = −०.१ च्या आसपास आहे आणि तिथे य ५.९५. विकलन (डेरिव्हेटिव्ह) करून शून्य ठेवलं की क्ष² + १०क्ष + १ = ० येतं, त्याची मुळं −५ ± २√६. भाच्याला करायला द्या.

---

निफाडचा_शेतकरी – दुपारी १:५०

आपल्याला यातलं निम्मं कळलं नाही, पण एक हिशेब विचारतो. टोमॅटो पिंपळगावला पाठवतो. समजा पिकअपचं भाडं १२०० रुपये आणि क्रेटमागे हमाली ६ रुपये. दहा क्रेट टाकले तर क्रेटला १२६ रुपये पडतात, पन्नास टाकले तर ३०, शंभर टाकले तर १८. जास्त टाकेल तितकं कमी. मग हे सहाला कधी येणार? ही तीच भानगड का?

---

पंचवटीची_ताई – दुपारी २:२०

अगदी तीच. य = ६ + १२००/क्ष. आडवी असिम्प्टोट य = ६, आणि बाकी १२०० कधीच शून्य होत नाही, म्हणून इथे आलेख खरंच कधी टेकत नाही. उभी असिम्प्टोट क्ष = ०, म्हणून य-अक्षाला इंटरसेप्टही नाही: एकही क्रेट न पाठवता क्रेटमागे खर्च किती, हा प्रश्नच होत नाही. मुलांना मी असलं उदाहरण द्यायला हवं होतं. निवृत्त झाल्यावर सुचतंय.

---

निफाडचा_शेतकरी – दुपारी २:४१

ताई, पण माझ्या पिकअपमध्ये शंभरच मावतात. एकशे एकावा टाकायचा म्हटलं की दुसरी गाडी, पुन्हा बाराशे.

---

क्ष_किरण – दुपारी ३:०५

अरे बापरे! काका, तुम्ही धाग्यातलं सगळ्यात भारी उदाहरण दिलंत.

बघा: १०० ला १८. १०१ ला दोन गाड्या, २४०० भागिले १०१ अधिक ६, जवळपास ३०. तिथून पुन्हा उतरत २०० ला १८. २०१ ला २४ च्या जरा खाली. मग ३०० ला १८. ३०१ ला २२, ४०१ ला २१. उड्या लहान लहान होत चालल्यात आणि प्रत्येक भरलेल्या गाडीला बरोबर १८. म्हणजे खरी असिम्प्टोट य = १८, ६ नाही. आणि आलेख तिला १००, २००, ३००... असा अनंत वेळा टेकतो. टेकतोही आणि अनंताला तिच्याकडेच जातो!

दुतोंड्या, वाचतोयस ना?

---

दुतोंड्या – दुपारी ३:३०

वाचतोय. टेकतो, पण ओलांडत नाही. १८ च्या खाली कुठे गेला?

---

क्ष_किरण – दुपारी ३:४२

घे मग ओलांडणारा. य = साईन क्ष भागिले क्ष. साईन −१ आणि १ च्या मध्ये डोलतो, खालचा क्ष वाढत जातो, म्हणून आडवी असिम्प्टोट य = ०. आणि जेव्हा जेव्हा साईन शून्य होतो, π, २π, ३π, तेव्हा आलेख तिला कापून पलीकडे जातो. वर, खाली, वर, खाली, कधीच थांबत नाही. इथे असिम्प्टोट म्हणजे क्ष-अक्षच, म्हणून प्रत्येक इंटरसेप्ट हा असिम्प्टोटला छेद आहे. य-अक्षाचा इंटरसेप्ट मात्र नाही. शून्याला शून्य भागिले शून्य होतं, तिथे ताईंचं भोक आहे, (० , १) ला.

---

दुतोंड्या – दुपारी ४:१०

शरण. नाव बदलून एकतोंड्या घेतो.

---

देवळाली_कॅम्प – संध्याकाळी ६:२५

धागा वाचून कापरेकर गुरुजींची आठवण झाली. आमच्या देवळालीत शाळेत शिकवायचे, वडील त्यांच्याबद्दल सांगायचे. सगळे अंक सारखे नसलेला कुठलाही चार अंकी आकडा घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, परत तेच करा. ६१७४ येतोच, आणि जास्तीत जास्त सात पायऱ्यांत. तिथे जवळ जाणं वगैरे काही नाही, थेट पोचायचं आणि तिथेच राहायचं. भाच्याने सूत्रं आठवत न बसता −५ घालून पाहिला, हे मला तसलंच वाटलं.

---

अंबड_बी_शिफ्ट – संध्याकाळी ७:०२

ताई, वरचा घात एकनेच मोठा असेल तर तिरकी येते ना? ती सांगितली नाहीत.

---

पंचवटीची_ताई – संध्याकाळी ७:३०

येते, आणि काढायची रीत तीच, भागाकार. (क्ष² + १)/(क्ष − १) घ्या. भाग लागतो क्ष + १, बाकी २. म्हणून तिरकी असिम्प्टोट य = क्ष + १. बाकी २ कधी शून्य होत नाही, म्हणून छेद नाही. क्ष-अक्षालाही छेद नाही, कारण क्ष² + १ वास्तव संख्यांत शून्य होत नाही. य-अक्षाला −१. उभी क्ष = १, तिच्या डावीकडे आलेख खाली जातो, उजवीकडे वर. हे चिन्ह ठरवायला ०.९ आणि १.१ घालून बघायचं, पाच सेकंदांचं काम. पोरं तेवढंही करत नाहीत आणि फांदी उलटी काढतात. छेदात वर्ग असेल, समजा (क्ष − १)², तर दोन्ही फांद्या एकाच दिशेला जातात.

घातांकी फलात आणखी एक गंमत. य = २ चा क्ष घात वजा ४. य-अक्षाला −३, क्ष-अक्षाला २. आडवी असिम्प्टोट य = −४, पण फक्त डावीकडे. उजवीकडे तो सुसाट वर जातो. म्हणून असिम्प्टोट लिहिताना कुठल्या बाजूची तेही लिहावं. आता स्वयंपाकाला उठते.

---

सातपूरकर_मामा – मंगळवार, रात्री ९:४५

अपडेट. भाच्याने पेपर आणि कच्चं पान सरांपुढे ठेवलं. मी सांगितलं होतं, वाद घालायचा नाही, फक्त "सर, −५ ला काय येतं?" एवढंच विचारायचं. सरांनी उभ्या उभ्या तोंडी केलं, थोडा वेळ गप्प राहिले, मग शेरा खोडला. एक मार्क वाढवला. दुसरा का नाही, तर अक्षांना नावं दिली नव्हती. ते खरंय, मी पाहिलं.

क्ष_किरण, ते −५ ± २√६ त्याने काढलं. मग दोन्ही मुळांचा गुणाकार १ येतो म्हणून अर्धा तास खूश होता. निफाडच्या काकांचा पिकअप त्याने वहीत काढलाय, करवतीसारखा दिसतो.

आता नवा प्रश्न आलाय: एकाच बाजूला आडवी आणि तिरकी, दोन्ही असिम्प्टोट असू शकतात का?

---

पंचवटीची_ताई – रात्री ९:५८

एका फलाला एकाच बाजूला नाही. दोन्हींच्या जवळ जायचं तर त्या दोन रेषांनीच एकमेकींच्या जवळ यायला हवं, आणि उजवीकडे जाल तसं त्यांच्यातलं अंतर वाढतच जातं. डावीकडे एक, उजवीकडे दुसरी, असं चालतं. त्याला असं फल स्वतः बनवायला सांगा.

---

सातपूरकर_मामा – रात्री १०:२०

सांगितलं. वही घेऊन गॅलरीत जाऊन बसलाय. मी झोपतो.